दूध तोडल्यावर सशाची पिल्लं हगवणीने जातात, कुठलं प्रोबायोटिक (पोटाला चांगल्या जिवाणूंची पावडर) द्यावं?

माळावरचा
नमस्कार मंडळी. देवगडच्या बाजूला राहतो. मांगरात न्यूझीलंड व्हाइट जातीच्या 12 माद्या आहेत. पाऊस लागल्यापासून पिल्लं 30 दिवसांची झाली, आईपासून वेगळी केली की आठवड्याभरात पातळ, शेंबडासारखी हगवण. पोट टम्म होतं, दात कराकरा खातात आणि दोन दिवसांत संपतात. गेल्या दोन वेतांतली 13 पैकी 6 गेली. सकाळी पिंजरा उघडायचा धीर होत नाही. दुकानात चार प्रकारच्या पावडरी दाखवल्या. कुठली घेऊ? की घरचं ताकच पाजू?

चिपळूणची पडवी
ताक नको, दहीही नको. दूध तुटलेल्या पिल्लाला दुधातली साखर नीट पचत नाही. शिवाय मोठ्या सशाच्या जठरात आम्ल फार कडक, दह्यातले बहुतेक जिवाणू तिथेच मरतात. पाकिटावर बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू किंवा सॅकरोमायसिस यीस्ट लिहिलंय का बघा. बॅसिलसचे बीजाणू आम्लातून जिवंत पुढे जातात. मी दूध तोडायच्या चार-पाच दिवस आधीपासून पुढे दोन आठवडे देते, पाकिटावरच्या मापाने, खुराकात कालवून. क्लोरीनच्या पाण्यात घालू नका. पाकीट एकदा फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात, आपल्याकडची हवा पावडर टिकू देत नाही.

पण दादा, खरं सांगू? आधी चारा बघा. सशाच्या पचनमार्गातली जवळजवळ 40 टक्के जागा एकट्या सीकमची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीची, आणि तिथले जिवाणू तंतूवर जगतात. गहू-मक्याचा भरडा जास्त आणि गवत कमी झालं की नको ते जंतू माजतात. मी दिवाळीच्या सुमारास कापलेलं माळाचं गवत पिल्लांसाठी वेगळं राखते. ओला चारा कापला की पडवीत पसरून सुकवून मगच घालते. कुबट वास आलेला पेंढा किंवा पेंड गेली तरी चालेल, पिल्लांपुढे नको.

दापोलीचा पशुवाला
कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला परजीवी, तपासलात का? पावसाळ्यात याच वयात येतो, दिसतो अगदी असाच, आणि प्रोबायोटिकने बरा होत नाही. आणि कळकळीने सांगतो, कोणी अ‍ॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडाने द्यायला सांगितलं तर देऊ नका. त्याने चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू वाढतो आणि धडधाकट ससाही जातो.

माळावरचा
बाप रे, गेल्या वेताला मी उरलेलं एक अँटिबायोटिक दिलं होतं. नाव आठवत नाही, बाटली शोधतो. खुराकात मक्याचा भरडाही बराच होता, तो आजपासून कमी. पहाटे पिल्लं मागे तोंड घालून काहीतरी खातात, ती हगवणच का?

चिपळूणची पडवी
नाही, त्या मऊ लेंड्या. द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या असतात, ससा थेट गुदद्वाराशीच खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं परत मिळतात. खाऊ द्या. त्या खाली तशाच पडून राहिल्या तर मात्र खुराक जड होतोय असं समजा.

दापोलीचा पशुवाला
उद्या सकाळच्या ताज्या लेंड्या तीन-चार पिंजऱ्यांतून वेगवेगळ्या पुडीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पाण्यात भिजवू नका. रिपोर्ट आला की इथे टाका.