रोलाँ मोठा की एल सिद?

धागालेखक:
मध्ययुगीन युरोपातल्या वीरकाव्यांत फ्रेंच रोलाँची कीर्ती स्पॅनिश एल सिदपेक्षा अधिक पसरली. माझ्या मते पहिला मान सिदचा आहे. सम्राट शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी रोंसेव्होच्या खिंडीत गाठली जाते, तेव्हा रोलाँचा मित्र ऑलिव्हिए त्याला पुन्हा पुन्हा विनवतो की शिंग फुंक, म्हणजे सम्राट परत फिरेल. कुळाला बट्टा लागेल म्हणून रोलाँ नकार देतो आणि वीस हजारांची पिछाडी कापली जाते. सिदला, म्हणजे रोद्रिगो दियाझला, राजा सहावा आल्फोन्सो हद्दपार करतो, तरीही तो राजनिष्ठा सोडत नाही. लुटीतले घोडे राजालाच नजराणा म्हणून पाठवतो आणि सोबत आलेल्यांना वालेन्सियात सुस्थितीला आणतो. ज्याच्या भरवशावर घर सोडलेली माणसे तगतात, तोच मला मोठा वीर वाटतो.

प्रतिसाद १:
असहमत. रोलाँची चूक कवीने मुळीच झाकलेली नाही. तुझ्या अविचारापायी फ्रेंच मेले, हे ऑलिव्हिए त्याला तोंडावर सुनावतो. उशिरा का होईना, रोलाँ शिंग फुंकतो, तेही इतक्या जोराने की त्याची कानशिले फुटतात. सिदच्या कवीला असे धाडस झाले नाही. इतिहासातल्या रोद्रिगोने हद्दपारीत सारागोसाच्या मुस्लिम राजाची चाकरी केली, ती काव्यातून गाळली आहे. वाळूने भरलेल्या पेट्या खजिना म्हणून गहाण ठेवून तो दोन सावकारांकडून सहाशे मार्क उचलतो, आणि ते फेडल्याचा प्रसंग काव्यात कुठेही येत नाही. हा व्यवहारचतुर सरदार झाला. त्याला रोलाँच्या पंक्तीला कसे बसवायचे?

प्रतिसाद २:
इतिहास गाळण्याचाच मुद्दा असेल, तर 778 साली शार्लमेनच्या पिछाडीवर हल्ला बास्क लोकांनी केला होता. रोलाँच्या काव्यात त्यांच्या जागी मुस्लिमांची अफाट फौज आली. सिदच्या काव्यात मात्र आबेनगालबोन हा मुस्लिम सरदार नायकाचा विश्वासू मित्र आहे, आणि सिदचे ख्रिस्ती जावई या आबेनगालबोनच्याच खुनाचा कट करतात. माझे मत सिदला.

धागालेखक:
पेट्यांचा आक्षेप मला मान्य आहे. त्या प्रसंगाचे समर्थन मी करणार नाही. पण जावयांची गोष्ट पुढेही वाचावी. कारियोनचे हे सरदारपुत्र सिदच्या मुलींना कोर्पेसच्या रानात बेदम मारतात आणि मेल्या समजून तिथेच सोडून देतात. येथे रक्तपात सहज शोभला असता, पण सिद तोलेदोच्या दरबारात दाद मागतो. आधी आपल्या दोन तलवारी, मग दिलेले धन, आणि ते पदरात पडल्यावरच द्वंद्वाचे आव्हान, अशा क्रमाने तो त्यांना कोंडीत पकडतो. बापाचा एवढा संताप कायद्याच्या चौकटीत धरून ठेवणे मला रोलाँच्या मरणापेक्षा अवघड वाटते.

प्रतिसाद १:
अवघड असेल, पण ज्याला दरबार आणि न्याय उपलब्ध आहे त्याचा संयम, आणि खिंडीत ज्याच्यापुढे मृत्यूखेरीज काही उरले नाही त्याचे शौर्य, यांना एक माप लावता येत नाही. माझे मत रोलाँकडेच राहील.