१,३९९ चे इयरबड्स घेतलेत, ठेवू की परत करू?

कोथिंबीरजुडी:
नमस्कार मंडळी. सेलमध्ये १,३९९ ला वायरलेस इयरबड्स घेतले, परत करायला ३ दिवस उरलेत आणि माझं काही केल्या ठरेना. खोक्यावर सगळं भारी भारी लिहिलंय, ५० तास बॅटरी, १३ एमएम ड्रायव्हर, ब्लूटूथ ५.३, ईएनसी, आयपीएक्स४, गेमिंग मोड. माझा वापर एवढाच की रोज पिंपरी ते स्वारगेट मेट्रोने जाऊन येऊन पॉडकास्ट नाहीतर जुनी नाट्यगीतं, आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत जाताना साताऱ्याला आईला फोन.

आता तक्रारी. उजव्या कानातला सारखा सैल होतो, काल शेंगदाणे खाताना टपकन पडला तो थेट शेजारच्या काकूंच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखालून काढून दिला त्यांनी. दुसरं म्हणजे गाण्यात बेस नाहीच, तबला पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा. शिवाजीनगरच्या आधी गाडी भुयारात शिरली की काही ऐकूच येत नाही मग मी आवाज फुल करते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आई म्हणते "तू विहिरीतून बोलतेयस का गं?" दोन दिवस झाले ती फोन उचलला की आधी तेच विचारते. पैसे टाकून चूक केली का? की अजून हजार घालून वरचं मॉडेल घेऊ? यजमान म्हणतात वायरवाला घे आणि गप बस.

अर्धाचहा:
यजमानांचं अगदीच चुकीचं नाहीये बरं का 😄
पण परत करायच्या आधी एक सांगा, खोक्यात रबराच्या टोप्यांच्या अजून दोन जोड्या होत्या ना छोट्या-मोठ्या, त्या लावून बघितल्या का? ९० टक्के लोक बघत नाहीत, कंपनीने मधली लावून दिलेली असते तीच वापरतात. टोपी कानात घट्ट बसली नाही की फटीतून हवा जाते आणि पहिला बळी बेसचा, मग ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, १३ चा असो नाहीतर २० चा. तुमचा पत्र्याचा डबा बहुतेक तिथेच आहे. आणि दोन्ही कानांना एकच साइज बसेल असं नाही, माझ्या डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी लागते. बड कानात घालून थोडा मागे फिरवायचा, मग जबडा हलवून बघायचा, हलला नाही तर बसला.

मिरजकर:
मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, रोज असली दोन-तीन तरी काउंटरवर येतात म्हणून चार गोष्टी सांगतो.
ते ५० तास म्हणजे चार्जिंगच्या डबीसकट. बड एकदा भरला की खरे ५-६ तास, ते पण आवाज अर्ध्यावर ठेवून, बाकीचे तास डबीतून पुन्हा पुन्हा चार्ज करून मोजलेले. तुमचा प्रवास धरला तरी दिवसाला दोन-अडीच तास, म्हणजे बॅटरीचा प्रश्नच नाही, त्या आकड्यावर एक पैसा जास्त देऊ नका. ब्लूटूथ ५.३ चं पण तसंच, त्याने आवाज सुधरत नाही, कनेक्शन आणि बॅटरीला थोडा फायदा होतो एवढंच. गेमिंग मोड तर तुम्ही पबजी खेळत नसाल तर विसरून जा.
आयपीएक्स४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील, नळाखाली धरू नका. आणि ती टेस्ट साध्या पाण्याची असते, घामात मीठ असतं. माझ्याकडे "एकच बाजू चार्ज होत नाही" म्हणून जी येतात त्यातली बरीचशी नुसत्या पिना पुसल्या की चालू होतात, घाम आणि कानातला मळ मिळून पिनांवर काळा थर बसलेला असतो. कोरड्या इयरबडने, म्हणजे कापूसवाल्या काडीने हो, आठवड्यातून एकदा पुसा, थर जास्तच असेल तर काडीला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल.
आणि हे कोणी सांगत नाही, असला बड उघडून रिपेअर होत नाही. गोंदाने चिकटवलेला असतो, आत बटणाएवढा सेल, उघडताना कवच तडकतं. दीड-दोन वर्षांनी बॅटरी उतरली की फेकायचाच, त्यामुळे या वस्तूवर ३-४ हजार घालताना मी तरी दोनदा विचार करीन. बिल मात्र जपून ठेवा, वर्षाच्या वॉरंटीत बदलून मिळतो.

कोथिंबीरजुडी:
@अर्धाचहा टोप्या होत्या! पिशवी फोडलीच नव्हती 🙈 आज लावून बघते. @मिरजकर दादा धन्यवाद, पण मग ईएनसी म्हणजे नक्की काय, मला वाटलेलं त्याने मेट्रोचा आवाज कमी होईल.

गच्चीवरचा_अँटेना:
इथेच सगळे फसतात ताई. ईएनसी तुमच्या कानासाठी नाहीच, ते माइकसाठी, म्हणजे समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी जावा म्हणून. तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी, ते वेगळं आणि तुमच्या मॉडेलात नाहीये. असतं तरी एएनसी घुंघुं आवाज कमी करतं, गाडीची घरघर, पंखा, एसी. शेजारचे दोघं मोठ्याने प्लॉटचा व्यवहार करत असतील तर ते तुम्हाला ऐकू येणारच. आणि स्वस्तातल्या बऱ्याच एएनसीत बटण दाबलं तरी फरक शोधावा लागतो. दुकानात घेणार असाल तर पंख्याखाली उभं राहून चालू-बंद करून बघा, लगेच कळतं.

आता विहीर. कॉल लागला की ब्लूटूथ गाण्यांचा मोड सोडून बोलण्याच्या मोडमध्ये जातं, तिथे आवाज जाणार पण आणि येणार पण, म्हणून क्वालिटी बरीच कापली जाते. महागड्यात पण होतं हे, त्यांचे माइक आणि सॉफ्टवेअर बरे असतात म्हणून कमी जाणवतं. त्यात माइक कानापाशी आणि तोंड लांब, ट्रॅफिकचा आवाज गाळायला जातं ते ईएनसी आणि सोबत तुमचा आवाजही गाळून टाकतं, राहते ती विहीर. एक करा, घरात खोली बंद करून आईंना फोन लावा आणि मग रस्त्यावरून लावा. घरात स्वच्छ आणि बाहेरच विहीर असेल तर पीस खराब नाही, या किमतीची ती औकात आहे. घरात पण तसंच असेल तर मात्र आजच परत करा.

वैनीसाहेब:
मधेच बोलते, आवाज फुल करून ऐकू नका हो रोज. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे, आणि आवाज थोडा जरी वाढवला तरी ते तास भराभर कमी होतात. टोपी नीट बसली की बाहेरचा आवाज आपोआप अडतो आणि व्हॉल्यूम खाली आणता येतो. आणि रस्त्याने चालताना एकच बड घाला, दोन्ही कान बंद करून सिग्नल ओलांडणाऱ्यांना बघून माझा जीव वर येतो.

कोथिंबीरजुडी:
रिपोर्ट देते. उजव्याला मोठी टोपी लावली, डाव्याला मधलीच ठेवली. अक्षरशः वेगळी वस्तू आणल्यासारखं वाटलं, तबल्याचा बायाँ पहिल्यांदा ऐकू आला! आज मंडईपर्यंत व्हॉल्यूम अर्ध्याच्या थोडा वर होता, भुयारात दोन घरं वाढवावा लागला एवढंच. शेंगदाणे पण खाऊन बघितले मुद्दाम, पडला नाही.
कॉलची टेस्ट पण केली. घरातून आई म्हणाली "आता कशी माणसात आलीस", पण संध्याकाळी चालता चालता लावला तर परत विहीर, आणि पीएमटीची बस शेजारून गेली की माझा आवाज पूर्णच गायब. म्हणजे पीस ठीक आहे. ठेवतेय. आईशी बोलताना बड डबीत आणि फोन कानाला, नाहीतरी ती अर्धा वेळ "जेवलीस का" च विचारते त्याला काय एचडी लागतंय.
फक्त एकच, दीड तासानंतर उजवा कान आतून दुखतो, मोठ्या टोपीमुळे असेल का?

अर्धाचहा:
हो त्यामुळेच. फोमच्या टोप्या मिळतात वेगळ्या, चिमटीत दाबून घालायच्या, आत फुलतात, दुखत नाहीत. पण घेताना तुमच्या बडच्या नळीचा आकार बघून घ्या, काहींची गोल असते काहींची लंबगोल, मी न बघता मागवल्या त्या अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

मिरजकर:
फोमवाल्या लावल्या तर डबीचं झाकण नीट बंद होतंय का ते बघा आधी. जाड असतात, बड पिनेला टेकत नाही आणि मग सकाळी "चार्जच झाला नाही" म्हणून माझ्यासारख्याकडे येता तुम्ही लोक 😂