नाकातली गाठ: रिपोर्टात नुसतं ‘स्पिंडल सेल लीजन’, पुढे काय?

रामबागकर (इंदूर):
आईची (५८) उजवी नाकपुडी वर्षभर बंद. वाफारे, थेंब सगळं झालं. सीटीत वरच्या बाजूला, एथमॉइडपाशी (दोन डोळ्यांमधल्या हाडापाशी) गाठ दिसली. तुकडा तपासला तर ‘स्पिंडल सेल लीजन, आयएचसी अ‍ॅडव्हाइज्ड’. म्हणजे परत पैसे. मामा म्हणतो, गाठ काढायचीच आहे ना, मग नाव कशाला हवं?

काचपट्टी (वडोदरा):
दादा, नाव हवंच. मी पॅथॉलॉजीत आहे. रिपोर्टात लिहिलंय ते पेशींच्या आकाराचं वर्णन (स्पिंडल म्हणजे चातीसारख्या लांबट पेशी), निदान नव्हे. आयएचसी म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं, म्हणजे मार्कर, रंगवून ओळखायची तपासणी. आधी केराटिन आणि मेलॅनोमाचे मार्कर लावून दोन वाईट आजार (कार्सिनोमा आणि मेलॅनोमा, दोन्ही कर्करोग) बाजूला काढतात. मग बाकीचे: स्टॅट-६ केंद्रकात दिसला तर सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, बीटा-कॅटेनिन दिसलं तर बहुधा ग्लोमँजिओपेरिसायटोमा.

पण मध्यमवयीन बाई आणि नाकाचा वरचा भाग म्हटलं की माझ्या डोक्यात पहिल्यांदा बायफेनोटिपिक सायनोनेझल सार्कोमा (मज्जा आणि स्नायू दोन्हींचे गुण दाखवणारा नाकातला कर्करोग) येतो. २०१२ साली तो वेगळा आजार म्हणून मांडला गेला. यात एस-१०० (मज्जापेशींचा मार्कर) इथेतिथे, एसएमएही (स्नायूंचा मार्कर) पॉझिटिव्ह. नुसता एस-१०० लावून थांबलं की ‘श्वानोमा’ (मज्जातंतूच्या आवरणाची साधी गाठ) लिहून मोकळं व्हायला होतं! श्वानोमात सॉक्स-१० हा मार्कर भरभरून येतो, यात येत नाही. शंका राहिलीच तर पॅक्स-३ जनुकाची दुसऱ्या जनुकाशी झालेली जोडणी तपासतात. हा सार्कोमा सहसा दूर पसरत नाही, पण हाडात शिरतो आणि कित्येक वर्षांनीही त्याच जागी परत येऊ शकतो. श्वानोमाचं तसं नाही. किती कडेपर्यंत कापायचं, पुढे किती वर्षं स्कॅन करायचे, हे सगळं नावावर ठरतं. मामांना एवढं सांगा.

मुरारचा मन्या (ग्वाल्हेर):
जरा विषयांतर. आमच्या पंधरा वर्षांच्या भाच्याच्या नाकातून सारखं रक्त यायचं. एक डॉक्टर ओपीडीतच तुकडा काढायला निघाले होते. दुसऱ्यांनी अडवलं, आधी कॉन्ट्रास्ट स्कॅन. अँजिओफायब्रोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) निघाला.

काचपट्टी:
अडवलं ते बरं झालं. त्या वयाच्या मुलांत तो आधी डोक्यात ठेवायचा. चिमटा लावला तर रक्त थांबता थांबत नाही.

रामबागकर:
ताई, टाटाला, मुंबईला पाठवायचं तर काय मागू?

काचपट्टी:
लॅबकडे अर्ज करून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दोन्ही मागा. आयएचसीचे काप ब्लॉकमधूनच काढतात. मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. सीटीची सीडीही जोडा. गाठ नेमकी कुठून उगवली ते आम्हाला काचेवर दिसत नाही.