मदत हवी आहे: सर्कशीची कौशल्यं थेरपीत वापरायचं प्रशिक्षण

नमस्कार मंडळी. मी सांगलीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी उपचार देते. सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) शरीराची एक बाजू कमजोर असलेली बरीच मुलं माझ्याकडे येतात. दुबळा हात वापर म्हटलं की रडारड सुरू. एकदा त्यांना पातळ ओढणीचे चौकोनी तुकडे उडवून झेलायला दिले. ओढणी चेंडूपेक्षा सावकाश खाली येते, झेलायला वेळ मिळतो, आणि तो मागे राहिलेला हात आपसूक पुढे येतो. नऊ वर्षांची एक मुलगी त्या दिवशी घरी जायलाच तयार नव्हती!

तेव्हापासून वाचतेय. तीन महिने जगलिंग (चेंडू एकामागोमाग उडवून झेलत राहणं) शिकल्यावर मेंदूच्या करड्या भागात वाढ दिसल्याचा २००४ चा अभ्यास सापडला, पण तो निरोगी प्रौढांवरचा. सर्क दु सोलेय या कॅनडातल्या सर्कस कंपनीने १९९५ मध्ये वंचित मुलांसाठी 'सर्क दु मोंद' हा उपक्रम सुरू केला, त्यात सर्कस शिकवणारा आणि समाजकार्यकर्ता जोडीने काम करतात. ही जोडीची पद्धत मला फार पटते.

आमच्या भागात एक निवृत्त झुल्यावरचे कलाकार आहेत, शिकवायला आनंदाने तयार आहेत. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे यांच्या अंकलखोप गावाजवळच हे घडावं याचा मला मनापासून आनंद आहे. पण फिट येणारं मूल, खांदा सैल असलेलं मूल कसं धरायचं, कुठे थांबायचं, हे त्यांना कसं शिकवू? आणि मी त्यांच्याकडून आधी काय शिकू? भारतात असं प्रशिक्षण कुणी घेतलंय का? मल्लखांबाचे प्रशिक्षक विशेष मुलांसोबत काम करत असतील तर त्यांचाही अनुभव कृपया सांगा.