ग्लेन मिलरचा आवाज पाच वाद्यांत बसवायचा कसा?

तलावपाळी: ठाण्यात कार्यक्रम आहे. एक क्लॅरिनेट, दोन आल्टो, दोन टेनर सॅक्सोफोन. सूर बरोबर लागतात, पण अमेरिकन जाझ बँडवाल्या मिलरच्या बँडचा तो मखमली आवाज येत नाही. टेनर खालचा आधारस्वर धरतो, ते चुकतंय का?

खारघरकर: हो, तिथेच चुकतंय. चाल क्लॅरिनेटने वाजवायची आणि एका टेनरने तीच बरोबर एक सप्तक खाली. दोन्ही बी-फ्लॅट वाद्यं (कागदावर सी लिहिला की बी-फ्लॅट वाजतो, टेनरवर तोच एक सप्तक खाली), त्यामुळे दोघांना नोटेशनच्या एकाच कागदाची झेरॉक्स चालते! उरलेले तिघे त्या सप्तकाच्या आत. आपल्या भाषेत वरून खाली: क्लॅरिनेट तार सा, आल्टो ध आणि प, दुसरा टेनर ग, पहिला टेनर मध्य सा. आल्टो ई-फ्लॅटचे, त्यांचे कागद वेगळे लिहा.

कोपरीचा: क्लॅरिनेटच्या कागदावरचे मधले जी ते बी-फ्लॅट हे सूर फुसके निघतात; चाल तिथे रेंगाळली तर पट्टी चढवा. सुराचं कंपन (व्हायब्रेटो) पाचही जणांचं एकाच वेगाने हवं, नाहीतर दूध फाटल्यासारखं होतं. एसी हॉलमध्ये वाद्यं उतरतात, फुंकून गरम केल्यावरच सूर जुळवा.

खारघरकर: हा आवाज मिलरच्या 1938च्या दुसऱ्या बँडचा. पहिला मोडला होता, यात विल्बर श्वार्ट्झ क्लॅरिनेटवर आला. स्वतः मिलर ट्रॉम्बोनवाला! 1942मध्ये भरात असलेला बँड सोडून सैन्यात गेला. 15 डिसेंबर 1944ला इंग्लिश खाडीवर त्याचं विमान बेपत्ता झालं.

तलावपाळी: झेरॉक्स काढतो.