गेम्समनशिपला मराठीत काय म्हणायचं? रडी, कावा की वस्तादगिरी?

एका क्रिकेटच्या लेखाचं मराठी करतेय आणि 'गेम्समनशिप'पाशी, म्हणजे नियम न मोडता पण खिलाडूपणा सोडून फायदा उपटण्यापाशी, दोन दिवस अडकलेय. प्रसंग 2024 च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपचा, सेंट व्हिन्सेंटला अफगाणिस्तान-बांगलादेश मॅच, पाऊस भुरभुरतोय, पावसाने मॅच तिथेच थांबली तर निकाल ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईसच्या हिशोबात अफगाणिस्तान जेमतेम 2 रननी पुढे, आणि कोच जोनाथन ट्रॉट डगआउटमधून हाताने 'हळू घ्या, हळू घ्या' अशी खूण करतो तर स्लिपमधला गुलबदीन नाईब पाय धरून आडवाच होतो. नंतर तोच उठून बॉलिंग टाकतो आणि विकेटही काढतो. मैत्रिणीने 'डावपेच' सुचवलं पण ते बसत नाहीये. डावपेच म्हणजे फिल्डिंग कशी लावली, कुणाच्या हातात बॉल कधी दिला, त्यात कुणी नाक मुरडावं असं काय आहे?

—

सरळ रडीचा डाव म्हणा की. आमच्या वाडीत अंचई म्हणायचे, 'ए अंचई करू नको' एवढं म्हटलं की समोरचा ओशाळायचा.

—

नाही हो, दोन्ही वेगळं. रडी कधी खातात, तर आउट झालोय हे दिसत असून मान्य करायचं नाही तेव्हा. आणि अंचई म्हणजे नियमच मोडणं, 2018 ला केपटाऊनला ऑस्ट्रेलियावाल्यांनी बॉलवर सँडपेपर घासला ती अंचई. गेम्समनशिप नियमात बसते हाच तिचा पेच आहे. 1981 मध्ये मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या बॉलवर बरोबरीसाठी 6 हवे असताना ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर चॅपेलने कॅप्टन असलेल्या भावाच्या सांगण्यावरून बॉल जमिनीवरून घरंगळत सोडला, तेव्हा तसं टाकायला बंदी नव्हती, बंदी नंतर आली.

आणि एक विनंती, उदाहरणांत 'मंकडिंग' घालू नका, म्हणजे बॉल टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला बॉलरने रनआउट करणं. विनू मांकड आपल्या मुंबईकडून खेळलेले. 1947 ला सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असं रनआउट केलं, त्याच दौऱ्यात आधी एकदा त्याला ताकीदही दिलेली होती, खुद्द त्यांचे कॅप्टन ब्रॅडमन म्हणाले की मांकडांची काही चूक नाही, तरी त्या माणसाचं आडनाव पाऊणशे वर्षं शिवीसारखं वापरलं गेलं. 2022 मध्ये तो प्रकार 'अनुचित खेळ'च्या कलमातून काढून साध्या रनआउटच्या कलमात टाकला. मला याचा खरंच राग येतो.

—

माझं मत 'कावा'. कारण या शब्दाला दोन तोंडं आहेत. नुसतं 'कावेबाज' म्हटलं की वाईट, आणि 'गनिमी कावा' म्हटलं की आपली छाती फुगते. पण गनीम म्हणजे शत्रू, म्हणजे ते नाव समोरच्याच्या बाजूने पडलेलं आहे! गेम्समनशिपचंही तेच. त्याच वर्ल्डकपच्या फायनलला बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेला 24 चेंडूंत 26 हवे होते, आपला विकेटकीपर पंत गुडघ्याला पट्टी बांधून घेत बसला, खेळ थांबला, आणि पुढच्याच बॉलवर हार्दिकने त्यांच्या सेट झालेल्या क्लासेनला काढलं, कॅचही पंतचाच. रोहितने नंतर हसत सांगितलं की पंतने डोकं वापरलं. आपण त्याला डोकं म्हणतो, गुलबदीनला नाटकी म्हणतो. लेखात दोघांना एकच शब्द लावायचा असेल तर कावाच लावा, प्रामाणिकपणा त्यात आहे.

दुसरं, तुमच्या प्रसंगात कोच आहे म्हणून 'वस्ताद' आठवला. डाव, पेच, वस्ताद हे सगळे तालमीतले शब्द. वस्ताद म्हणजे शिकवणारा, आणि 'तो भारी वस्ताद आहे' म्हटलं की बेरकी! एकाच शब्दात कोचही आणि त्याची चलाखीही. 1999 च्या वर्ल्डकपला इंग्लंडमधल्या होव्हला आपल्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा कोच बॉब वूल्मरने कॅप्टन क्रोनिए आणि बॉलर डोनाल्डच्या कानात इअरपीस दिले होते, बाहेर बसून सूचना द्यायच्या, नियमात तशी मनाई नव्हती, तरी मॅच रेफरी तलत अलींनी ड्रिंक्सच्या वेळी ते काढायला लावले. याला वस्तादगिरी सोडून दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.

—

वस्तादगिरी आवडलं, पण मग आताचे फिल्डिंग कोच, थ्रोडाउनवाले (सरावाला बॅट्समनला बॉल फेकून देणारे) यांना वस्ताद म्हणायचं का? भारतीय टीमचे राघवेंद्र वर्षानुवर्षं साइडआर्म नावाच्या दांडीने बॉल फेकून बॅट्समनना वेगाची सवय करून देतात, त्या मेहनतीत बेरकीपणाचा अंशही नाही. पेपरात 'क्षेत्ररक्षण प्रशिक्षक' छापतात, मैदानावर कुणी तसं बोलत नाही. मी त्यांना कोचच ठेवीन. थ्रोडाउनही थ्रोडाउनच.

—

पटलं. मग माझं वाक्य असं झालंय: 'ट्रॉटने खूण केली आणि गुलबदीनने कावा साधला.' होव्हच्या परिच्छेदात वस्तादगिरी. 'साधला' बरोबर आहे का, की कावा 'केला' म्हणतात तुमच्याकडे?