अंगणातील झाडाला उशिरा फुटणारी पालवी : आपले अनुभव लिहा

परसदार

शेजारच्या अंगणांतील झाडे तांबूस पालवीने भरून गेलेली असताना आपल्याच झाडाच्या फांद्या उघड्या राहिल्या, की येता-जाता मान वर करून पाहण्याची सवय लागते. आमच्या शिरीषाच्या बाबतीत सध्या माझे हेच चालले आहे. मागील हंगामातील वाळलेल्या शेंगा अजून फांद्यांवर खुळखुळत आहेत आणि नव्या पानाचा कोठेही मागमूस नाही. झाड केवळ उशीर करीत आहे की आतून वाळत चालले आहे, हे ओळखायचे कसे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. ज्यांनी ही काळजी अनुभवली असेल त्यांनी झाड कोणते होते, काय तपासले आणि पुढे काय झाले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती करते. झाड अखेर गेले असेल तर तेही अवश्य लिहावे. केवळ वाचलेल्या झाडांच्या हकिगती एकत्र आल्या तर आपला अंदाज चुकतो.

आळेवाला

परसदारताई, शिरीष कोरड्या ऋतूत बराच काळ निष्पर्ण राहतो आणि शेंगा त्या काळात झाडावरच असतात. त्यामुळे शेंगा टिकून राहणे हे आजाराचे लक्षण नव्हे. तरीही शंका असेल तर साल तपासावी.

आमच्या सीताफळावर मी हेच केले. टोकाकडच्या बारीक डहाळीपासून सुरुवात करून नखाने सालीचा अगदी वरचा पापुद्रा थोडासा खरवडला. त्याखाली हिरवा, ओलसर थर दिसला तर तो भाग जिवंत असतो. तपकिरी आणि कोरडा दिसला तर तेवढा भाग गेलेला असतो, आणि मग थोडे खाली सरकून पुन्हा पाहावे. आमच्या झाडाच्या शेंड्याकडील डहाळ्या वाकवताच कडकन मोडत होत्या, मात्र दुबेळक्याच्या, म्हणजे फांदी दुभंगते त्या जागेच्या, खाली साल हिरवी होती. तेथील डोळे, म्हणजे ज्यांतून कोंब फुटतो त्या कळ्याही टपोऱ्या होत्या, तर वरचे डोळे चिमटीत धरताच चुरा होत होते. घरातील सर्वांचे मत वाळलेला भाग लगेच छाटून टाकावा असे होते, परंतु मी थांबलो, कारण जिवंत आणि मृत भागांची सीमा पालवी फुटल्यावर जितकी स्पष्ट दिसते तितकी आधी दिसत नाही. कोंब फुटल्यानंतर सर्वांत वरच्या जिवंत फुटव्याच्या किंचित वर छाट घेतला. सीमारेषा माझ्या अंदाजापेक्षा बरीच वर निघाली आणि घाईने कापली असती अशी एक चांगली जाड फांदी वाचली.

एक काळजी घ्यावी. खोडाची साल सभोवार खरवडू नये. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते, आणि त्या थराला पूर्ण वेढा पडला तर चांगले झाडही मरते.

अश्वत्थ

शेजारच्या झाडाशी तुलना करणे हे या काळजीचे मोठे कारण आहे असे मला वाटते. आमच्या अंगणात दोन पिंपळ जवळजवळ आहेत, दोघांना माती आणि ऊन सारखेच मिळते, तरी एक पूर्ण पालवलेला असताना दुसऱ्याची पानगळही संपलेली नसते. बियांपासून वाढलेली एकाच जातीची झाडे अनुवंशाने वेगळी असतात आणि प्रत्येकाची वेळ आपापली असते. म्हणून मी वहीत दोघांच्याही पहिल्या पालवीची तारीख लिहून ठेवतो. इंग्लंडमधील नॉरफॉक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली वसंताच्या खुणांची अशी नोंद सुरू केली आणि त्यांच्या वंशजांनी ती १९५८ पर्यंत चालवली. त्यात अनेक झाडांच्या पालवीच्या तारखा आहेत. इतकी दीर्घ नोंद आपल्याला नको, परंतु काही वर्षांच्या तारखा हाताशी असल्या तर झाड त्याच्या स्वतःच्या सवयीपेक्षा उशीर करीत आहे का, हे कळते. खरा प्रश्न तोच असतो.

हिमवाट

आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते. मोठे ओक आणि ॲश ही झाडे बर्चला पाने येऊन गेल्यावरही उघडीच असतात, आणि नव्याने राहायला आलेला माणूस हमखास घाबरतो. यामागील कारण समजल्यावर माझी काळजी पुष्कळ कमी झाली. या झाडांच्या लाकडात पाणी वर नेणाऱ्या रुंद नळ्या असतात. कडक थंडीत त्यांत हवेचे बुडबुडे अडकून गेल्या वर्षीच्या बहुतेक नळ्या निकामी होतात, म्हणून पाने पसरण्याआधी झाडाला नव्या नळ्या तयार कराव्या लागतात. बर्चच्या नळ्या अरुंद असल्यामुळे त्याचे तितके अडत नाही. अक्रोडही उशिरा पालवतो, आणि त्याच्या कोवळ्या पानांना दहिवर, म्हणजे गोठलेले दव, सोसत नसल्याने तो उशीर त्याच्या हिताचाच ठरतो.

सफरचंदाची गोष्ट मात्र उलटी आहे. आमच्या झाडाला एका उबदार हिवाळ्यानंतर पालवी फार उशिरा आणि तुरळक आली. फांद्यांच्या टोकांना पाने होती आणि मधला भाग उघडा होता. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना सुप्तावस्था नीट संपवण्यासाठी साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसच्या गारव्याचे शेकडो तास लागतात. ते अपुरे पडले तर डोळे एकसारखे फुटत नाहीत. पुढच्या वर्षी नेहमीसारखी थंडी पडली आणि झाड पूर्ववत पालवले.

निंबोणी

पांढरा चाफा नव्या जागी हलवल्यानंतर त्याला फार दिवस पान आले नाही. फांद्यांवर सुरकुत्या पडल्या होत्या, परंतु दाबल्यावर त्या टणक लागत होत्या आणि टाचणीने टोचल्यावर चीक येत होता. मी पाणी बेताचे ठेवले आणि वाट पाहिली, पाने आली. एक फांदी मात्र बोटाखाली मऊ, पोकळ लागली आणि आतून काळी निघाली. ती कूज होती, त्यामुळे निरोगी भागापर्यंत कापून काढावी लागली.

परसदार

आळेवालादादा, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. हाताला येणाऱ्या डहाळ्यांची साल आतून हिरवी आहे, पण वरपर्यंत पोहोचता येत नाही. झाडाला जोर यावा म्हणून आता खत द्यावे का?

आळेवाला

देऊ नये. पहिली पालवी झाड खोडामुळांत साठवलेल्या अन्नावर फोडते, आणि मुळे अशक्त असतील तर रासायनिक खताच्या क्षारांचा त्यांना त्रासच होतो. आळ्यातील माती वीतभर खोल उकरून ओल पाहावी. ती कोरडी असेल तरच सावकाश पाणी द्यावे. पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

वाफसा

आपण गेलेल्या झाडाबद्दलही लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहितो. आमच्या अंगणात जुना गुलमोहर होता. घराच्या वाढीव बांधकामाच्या वेळी ठेकेदाराने खोदलेली माती त्याच्या बुंध्याभोवती टाकली आणि तिच्यावरून गाड्या फिरल्या. त्या वर्षी काही जाणवले नाही. पुढच्या उन्हाळ्यात पालवी उशिरा आली आणि पाने लहान राहिली. त्यानंतर एका बाजूच्या फांद्या पालवल्याच नाहीत, आणि ती बाजू नेमकी गाड्या फिरलेल्या बाजूची होती. अन्न आणि पाणी घेणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरात असतात. माती दबली की त्यांना हवा मिळत नाही आणि वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा योग्य मेळ, कधी येतच नाही. आम्ही भर काढून बुंध्याचा पसरट भाग मोकळा केला, पण तोवर बुंध्यावर बुरशीच्या छत्र्या उगवल्या होत्या. जाणकारांनी तपासून लाकूड आत कुजल्याचे सांगितले. घरावर कोसळण्याचा धोका असल्यामुळे झाड उतरवावे लागले, आणि त्याचे दुःख आजही वाटते.

एखाद्या वर्षीच्या उशिराला मी फारसा भीत नाही. दरवर्षी वाढत जाणारा उशीर, लहान होत जाणारी पाने आणि एकाच बाजूची वाळ दिसली, तर ताई, बुंध्यापाशी बसून माती आणि मुळे पाहावीत, आणि वरच्या फांद्यांसाठी माहीतगार माणसाला झाडावर चढवावे.

डोळेभरणी

कलमी झाडांविषयी एक मुद्दा राहिला आहे. आमचे बोर वेळ उलटून गेली तरी वाळलेले दिसत होते आणि अचानक बुंध्यातून जोमदार फुटवे आले. सर्वांना आनंद झाला, पण ते कलमाच्या सांध्याच्या खालून, म्हणजे ज्यावर कलम केले होते त्या रानबोरीच्या खुंटावरून आले होते. पाने लहान होती आणि काटे दाट होते. सांध्याच्या वर साल हिरवी असती तर हे फुटवे लगेच काढायला हवे होते, कारण ते वरच्या भागाचे अन्नपाणी ओढतात. आमच्याकडे वरचा भाग पूर्ण वाळला होता, म्हणून त्यातील एक सरळ फुटवा राखून बाकीचे काढले आणि तो पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर त्याच्या सालीत चांगल्या जातीचा डोळा बसवून कलम करून घेतले. खालची मुळे जुनी आणि खोल असल्यामुळे नवे झाड रोपापेक्षा फार लवकर वाढले.